अण्णांचा भात

महाराज विलायतेला गेले होते, म्हणून आम्हा कचेरीवाल्यांना जरा निवांतपणा होता. तेव्हाच माझे मेहुणे अण्णा पुण्याहून पहिल्यांदा बडोद्याला आले. शेजारच्या त्रिवेदीभाईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं.

आपलं जेवण वरणभातानं सुरू होतं. गुजरात्यांकडे डाळभात येतो सगळ्यात शेवटी. हे अण्णांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण आल्यापासून ते मलाच जेवायच्या रीती शिकवत होते.

पुऱ्या आल्या, पातरा म्हणजे त्यांची अळूवडी आली, बासुंदी आली. अण्णा नुसते चाखत होते. माझ्या कानाशी म्हणाले, "फराळावरच पोट भरू नका. जेवण यायचंय अजून."

शेवटी डाळभात आला. अण्णांनी मांडी सारखी केली, खणखणीत आवाजात श्लोक म्हटला आणि भात चापला. मग पुढच्या पदार्थांची वाट बघत बसले. आली ती सुपारी.

त्रिवेदीभाईंनी मला हळूच विचारलं, "पाहुण्यांना आमचं काही रुचलं नाही का?"

"छे, त्यांना भातच फार आवडतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आमंत्रण. माझ्या ताटात श्रीखंड होतं. अण्णांच्या ताटात नुसता भाताचा डोंगर, आणि त्रिवेदीभाई शेजारी उभे राहून आग्रह करत होते, "ल्यो ने अण्णा, शरमाशो नहीं."