पानातलं पीच

नाही गं, असं नको लिहूस — ‘कोरियन सून जपते मराठी संस्कार’ — मंडळाच्या दिवाळी अंकाला असलंच काहीतरी लागतं, कळतं मला, मीही होते त्या कमिटीवर — पण हेजिन काही जपत-बिपत नाही. ती आर्टिस्ट आहे. हे तिचं काम आहे, जसं तुझं ते — काय, डेटा ना? — हां, तसंच. सून म्हणून बघशील तर चुकशील, आरोही. बस इथं, बाकावर. आत सुरू व्हायला वेळ आहे अजून, गॅलरीचं दार उघडंच आहे बघ. सुरुवातीला उघडं ठेवतात, गेलेल्या माणसानं आत यावं म्हणून. मी? मला इथंच बरं. आत एसी फार असतो.

सांगते ना, पहिल्यापासून सांगते. कोरियन लोकांत आपल्यासारखंच श्राद्ध असतं, जेसा म्हणतात. गेलेल्याच्या नावानं टेबल मांडायचं — भात, सूप, मासा, फळं — आणि कुठलं काय कुठल्या बाजूला तेही ठरलेलं, आपल्या पानात डावी-उजवी बाजू असते ना, तसं. तर हेजिन लहानपणापासून काय बघायची, की आई, आजी, काकवा दोन-दोन दिवस स्वयंपाकघरात राबतायत, आणि नमस्काराला पुढं कोण, तर पुरुष. बायका आतच. तिच्या डोक्यात ते राहिलं. मोठी झाल्यावर तिनं त्याचाच हा परफॉर्मन्स केला — सगळं स्वतः रांधते आणि स्वतःच नमस्कार करते. टेबलामागं त्यांच्यात एक रंगवलेला पडदा असतो, त्याजागी हिनं टीव्हीचे स्क्रीन उभे केलेत, आणि प्रत्येकात नुसते हात — चिरणारे, तळणारे, भांडी घासणारे. चेहरा कुणाचाच नाही. अगदी कडेला अळूच्या पानांना पीठ लावणारे हात दिसतील तुला, ते माझे. मी म्हटलं, जरा क्रीम तरी लावते, तर नको म्हणाली. आहेत तसेच हवेत.

दर महिन्याला ती कुणासाठी तरी मांडते. हा महिना अतुलच्या बाबांचा. विचारलं होतं तिनं मला, रीतसर, समोर बसवून, अतुलला मध्ये बोलू न देता. मी हो म्हटलं. सून सासऱ्यासाठी एवढं करते म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि आपलं इथं अमेरिकेतलं दहाव्याचं तर तुला माहीतच आहे — एडिसनहून गुरुजी आले, दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिवला, झालं. मनात काही राहिलंय का म्हणून कुणाला विचारायची सोयच नाही. डेकवर भात ठेवला तो खारीनं खाल्ला. तेव्हा म्हटलं, करू दे हेजिनला. तीन शनिवार आहेत, आज शेवटचा. भाताचा वाडगा आत नेऊन ठेवायचा, एवढंच माझं काम असतं, ते आत्ता करून आले.

काय? भाताशेजारी ठेवलेलं पीच? — पेपरात वाचलंस वाटतं. हो, इथल्या पेपरात आलं होतं, ‘परंपरेला दिलेला गोड धक्का’ की कायसं. लोकांना वाटलं कामाचाच भाग आहे. आणि अतुल, तो तर तिथंच रडला — मॉम, यू रिमेम्बर्ड — बाबांचं आवडतं फळ म्हणून सगळ्यांना सांगत सुटलाय. अतुलच्या बाबांना पीच? अगं, एवढी वर्षं वेस्ट विंडसरमध्ये काढली, फार्म गाडीनं पाच मिनिटांवर, ऑगस्टभर पीच नुसती ओसंडत असतात, पण एकदाच काय ती चव घेतली असेल. आणि तेव्हाही तोंड वाकडं करून म्हणाले, याला काय फळ म्हणायचं. माहेरचे-सासरचे सगळे त्यांना बाळच म्हणायचे आणि खाण्याच्या बाबतीत होतेही तसेच.

मग मी का ठेवलं — ठेवलं आपलं. दिसायला बरं दिसतं. भाताच्या बाजूला जरा रंग.

बघतेस काय अशी? — बरं. हेजिननं आधीच सांगून ठेवलं होतं मला. आई, मिरची नको, लसूण नको — म्हटलं, मग आमच्यासारखंच की — आणि म्हणाली, पीच तर अजिबात नको. का, तर पीच असलं की गेलेला माणूस आत येऊच शकत नाही. लांबूनच परततो. तशी समजूत आहे त्यांच्यात. — हो, आधी. पहिल्या शनिवारच्या आधी सांगितलं होतं. माहीत होतं मला. तो फोन बंद कर बरं, रेकॉर्डिंग नको आता.

वाईट नव्हते गं ते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. स्ट्रोक झाला, एक बाजू गेली, वाचा राहिली, आणि त्या वाचेत एकच शब्द काय तो खणखणीत राहिला. नंदा. नंदा, पाणी. नंदा, खिडकी. नंदा, इकडे ये — गेलं की — काही नाही, बघत होतो आहेस का. कुकरची शिट्टी सोडून, अंगावर पाणी घेतलेलं तसंच टाकून, मी आपली जातेय. हेल्पर ठेवायची म्हटली की हिरमुसायचे. अतुल तेव्हा लांब, क्युपर्टिनोला, तो फोनवरून म्हणायचा, मॉम, सेल्फ-केअर कर. काय करू आणि कधी करू? मग ते गेले. लोक भेटायला आले, म्हणाले, नंदाताई, घर खायला उठत असेल. खायला नव्हतं गं उठत. झोपू देत होतं. दुपारी जेवून आडवी व्हायचे ती थेट संध्याकाळी जाग यायची, आणि उठून आधी कान द्यायचे, आणि काही नाही. कुणी हाक मारत नाहीये. मी पुन्हा झोपायचे. मी फार थकले होते, आरोही. अजून आहे. एवढ्यात नाही जायचा हा थकवा.

आणि अशात ही पोरगी दारात उभी राहून हाक मारणार — ऐक, ऐकलंस? — हीच. ‘बाबा, या. जेवायला या.’ अतुलकडून शिकली, किती स्वच्छ म्हणते बघ. पहिल्यांदा तालमीत ऐकली तेव्हा दाराकडेच बघायला लागले मी. वाटलं, आता हे येणार. हेजिन म्हणते, जेवले की निरोप देतात, जातात, रीतच आहे. तिला काय माहीत तिचे सासरे. बसले की उठायचे नाहीत. म्हणतील, नंदा, चहा. आणि मी उठेन. त्याचीच तर भीती — की मी उठेन. म्हणून पर्समध्ये पीच घेऊन गेले आणि भातासोबत ठेवून दिलं. हेजिननं बघितलं. तसंच राहू दिलं, वाकून नमस्कार केला. पुढच्या शनिवारीही तेच.

आज नाही आणलं. फार्मच्या समोरूनच आले तरी गाडी थांबवली नाही. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, येऊ देत. एक वेळ जेवू देत बिचारे, चहा मागतील तर करीन, हात काय झिजतात. अगदी मनाची तयारी करून आले, वाडगा घेऊन आत गेले — तर टेबलावर पीच. टपोरं, पुसून ठेवलेलं. हेजिननं ठेवलेलं. मी बघितलं तिच्याकडे, तर हळूच म्हणाली, आई, तुम्ही बाहेर बसा. आराम करा.

कळलं होतं तिला, पहिल्याच दिवशी. पोटच्या पोराला कळलं नाही, पण तिला कळलं. आणि तिची आई आलीय सोलहून, पुढंच बसलीय, ती त्या पीचकडे बघून ओठ आवळून राहिली होती. आईच्या देखत, आपल्याच रीतीच्या विरुद्ध, ह्या मुलीनं माझ्यासाठी सासऱ्याला दाराबाहेर ठेवलं. तिला कसं सांगू, की उचल ते, आज मला हवे होते? वाडगा ठेवला आणि बाहेर आले. — नको, टिश्यू आहे माझ्याकडे.

लागलं बघ दार. आता आत दिवे मंद करतील, सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतील, गेलेल्यानं कुणी न बघता निवांत जेवावं म्हणून. आणि टेबलाशी कुणीच नसणार. भात निवत असेल.

पण हाक तर मारली ना गं तिनं. जेवायला या म्हटल्यावर न येणारा माणूस नव्हे तो. आले तर असणारच, दारापर्यंत. आत जाता येत नाही, आणि परत कुठं जायचं ते — इथंच असतील मग. इथंच कुठंतरी, बाहेर.

आरोही, तू जा आता. फोटो पुन्हा कधीतरी काढू. नाही, रागावले नाही गं, पण ऊठ तू, बाकावर जागा कर जरा. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.