टपावरचा साबण

मी मिलची मिनीबस चालवायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. कोसाडला घरासमोरच गाडी धुवायचो. एकदा टपावर चढलो आणि आधी सगळीकडे साबण फासून टाकला. मग पाय असा सटकला की पुढच्या कॅरियरचा दांडा धरून पालथाच पडलो. उतरायची शिडी मागे आणि मधे नुसता फेस.

खालून बायको म्हणाली, "हलू नका." घरातली गोधडी घेऊन ती शिडी चढली आणि फेसावर गोधडी पसरली. त्या गोधडीवरून रांगत मी कसाबसा खाली आलो.

म्हटलं, "लता, आज तुझ्यामुळे वाचलो."

"ते असू द्या," ती म्हणाली. "आता गोधडी धुवायला घ्या. आणि जमिनीवर बसून धुवा."