कॉम्प्युटरसाठी गाऱ्हाणं

गाऱ्हाणं मी देवासमोर घालतो, यंत्रासमोर नाही. पण बायकोचा हट्ट. नातीने, वैशालीने, सुटे भाग जोडून नवा कॉम्प्युटर बनवला, आणि तो सुरूच होईना. पंखा फिरे, स्क्रीन काळी. तो चालला नाही तर घरून नोकरी बंद, पोरगी परत मुंबईला.

"मगे जा मुंबैक! हंय कोण अडवता?" मी म्हटलं.

"भांडा नकात. गाऱ्हाणां घाला," बायको म्हणाली.

वैशाली पेचकस घेऊन खटपट करतच होती. मी नारळ ठेवून डोळे मिटले. समुद्राची गाज येत होती, मला गुंगीच चढली.

"बा देवा महाराजा, ह्या यंत्राची अडचण दूर कर..."

"व्हय महाराजा!" दोघी म्हणाल्या.

"नातीक हंयच रवांदे. चाय पाण्यासारखी करता, पण ती गेली की घर खावक उठता..."

"व्हय महाराजा!"

किती वेळ बोललो, देव जाणे. डोळे उघडले तर स्क्रीन निळीशार, सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी.

"ह्यो कधी सुरू झालो गो?"

"पयल्याच व्हय महाराजाक. मेमरीची पट्टी सैल होती, आजोबा."

"मगे तेवाच सांगूक काय झाला?"

"सांगलंय असतंय, तर पुढचा माका कधी ऐकूक गावला असता?"