कॉलर ट्यून

...आणि वर मलाच विचारतात हो, "सहादू, आई गेली म्हणून वाजंत्री लावलीस का रे?" वाजंत्री! आता तुम्हाला सांगतो, ही कॉलर ट्यून म्हणून जी भानगड निघालीय ना, त्यात फोन करणाऱ्याला गाणं आणि आपल्याकडं नुसती ट्रिंग ट्रिंग! ज्याचा फोन तो सोडून सगळ्या जगाला मैफल! मला कसं ऐकू येणार?

मंगळवारी सकाळी आमची आई, फुलाबाई, गेली. तिचा एकुलता एक भाऊ, विंचूरचा बहिरूमामा, पंचाहत्तरीचा माणूस, काठी टेकत बूथवर गेला, नंबर फिरवला, आणि कानात काय? ढोल, शिट्ट्या, वरातीतला धिंगाणा! मी "मामा..." म्हणतोय तोवर तिकडून, "नाच बाबा नाच, लय आनंद झालेला दिसतोय!" आणि फोन आपटला. मला वाटलं, दुःखानं भ्रमिष्ट झाला बिचारा. मला कसं ऐकू येणार?

दहाव्याला रामकुंडावर मामा नाही. कावळाही शिवेना. लोक म्हणाले, बहिणीचा जीव भावात अडकलाय. तेवढ्यात घरून बायकोचा फोन, उपरणं विसरलात म्हणून, आणि पहिलंच वाक्य, "अहो, हे काय वाजतंय तुमच्या फोनवर?"

तिथंच पिंडाशेजारी बसून कंपनीला फोन लावला. मराठीसाठी एक दाबा. दाबला. तक्रारीसाठी चार. दाबला. वीस मिनिटांनी एक बाई, गोड आवाज, "सर, ही सेवा आपणच चालू केलीय. मंगळवारी, नऊ बेचाळीसला."

अहो, नऊ बेचाळीसला मी वैकुंठरथ बोलावत होतो! मध्येच यांच्या जाहिरातीचा फोन, तो बंद करायला जे बटण सापडलं ते दाबलं!

"बरोबर आहे सर, तीच आपली संमती. बंद करायला कंपनीच्या दुकानात, म्हणजे गॅलरीत, अर्ज द्या."

गॅलरीत काचेमागचा पोरगा म्हणाला, "काका, सिमकार्ड फुलाबाईंच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या." खरंच होतं, कार्ड घेताना आईचं ओळखपत्र दिलं होतं. म्हटलं, बाबा, ती वारली. तर म्हणतो, "मग मृत्यूचा दाखला आणा."

दाखल्यासाठी महापालिकेत सात खेपा! दर खेपेला साहेब जेवायला, नाहीतर संगणक बंद. आणि या सगळ्या दिवसांत जो सांत्वनाचा फोन करील त्याला ढोल! निफाडच्या मावसभावानं तर विचारलं, "इस्टेट मोठी मिळाली काय रे?" मला कसं ऐकू येणार?

शेवटी दाखला मिळाला. गॅलरीत दिला. पोरानं वाचला, शिक्का मारला, म्हणाला, "झालं काका, बंद." मी त्याचे हात धरले हो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या!

घरी येऊन बघतो तर फोन मुका. ग्राहक वारला ना... मग नंबरच बंद करून टाकला! गाणं बंद करा म्हटलं, तर नंबर! आणि नेमका त्याच संध्याकाळी बहिरूमामाचा राग निवळला. पुन्हा बूथवर गेला, पुन्हा नंबर फिरवला, आणि कानात बाई, "हा क्रमांक अस्तित्वात नाही."

आता मामा सगळ्या विंचूरला सांगत फिरतोय, "बहीण गेली तवा नाचला, अन् आता भाच्यानं नंबर बी बदलला!"

काल त्याला पोस्टकार्ड टाकलंय. पोचायला आठ दिवस लागोत... निदान वाजत तरी नाही ते!