सेक्रेटरीसाहेब पुलावर बसले

...नाही नाही, पुलाला मी नावं ठेवत नाही हं! उगाच माझ्या नावावर काही खपवू नका. बसा, चहा सांगितलाय. पण तुम्ही मंडळी कुठकुठून येता, मधोमध उभं राहून फोटो काढता, इथवर ठीक आहे... पण उड्या? पुलावर उड्या? आत्ता तो लाल टोपीवाला तुमच्यातलाच ना? अहो, खाली एकशे वीस मीटर काही नाहीये! मला माहीत आहे, कारण कागदावर मी लिहिलंय. लांबी दोनशे एकतीस, उंची एकशे वीस, पायाखाली जाळी. जाळी कशाला? पाणी साचू नये म्हणून. पाणी साचत नाही, पण त्या जाळीतून खालची नदी दिसते त्याचं काय? ते कागदावर नव्हतं!

गुमानसिंग पुन म्हणतात मला, पूल समितीचा सेक्रेटरी. सात अर्ज केले सात, सगळे माझ्या हस्ताक्षरात. आणि हा लोखंडी दोर बघताय ना, मनगटाएवढा जाड? तो गाडीरस्त्यापासून कसा आला सांगा बघू? ट्रक येत नाही, दोर तोडता येत नाही. मग सव्वाशे माणसं एका रांगेत, एकच दोर सगळ्यांच्या खांद्यावर, दोन दिवस चढण! म्हणजे एकाला लघवीला लागली की सव्वाशे उभे. माझ्यापुढे रनवीर घर्ती, त्याला दर पाव तासाला लागायची. मी मागून ओरडायचो, "अरे, सकाळी नदी पिऊन निघालास काय?" तर तो वळून म्हणतो, "सेक्रेटरीसाहेब, ठराव करा ना, समिती थांबवेल!" हा खांदा बघा. अजून काळा आहे.

उद्घाटनाचं भाषणही मीच केलं. इंजिनियर पोरगा चष्मा सारत मला म्हणाला होता, "हे बघा बा, पूल हलतो म्हणूनच टिकतो." मी ते तोंडपाठ केलं आणि माईकवर ठणकावलं, "आयाबहिणींनो, भिऊ नका! पूल हलतो म्हणूनच टिकतो!" टाळ्या! मग सगळा गाव वाजतगाजत पूल ओलांडायला निघाला आणि माझं पोट बिघडलं. हसू नका, खरंच बिघडलं! पुलाकडे बघितलं की बिघडतं, त्याला मी काय करू? त्यानंतर दोन वर्षांत या पुलावरून शाळा गेली, तीन वराती गेल्या, बोकड गेले, एक आरशाचं कपाट गेलं... सेक्रेटरी गेला नाही. पुलाला मी नावं ठेवत नाही, पण त्याचं आणि माझं जमलं नाही एवढंच.

आणि मागितला कुणासाठी होता तो पूल? गावाच्या विकासासाठी, असं अर्जात लिहिलंय. तुम्हाला म्हणून खरं सांगतो, दिदीसाठी मागितला. माझी जसमती दिदी. सहा वर्षांनी मोठी, आई गेली तेव्हा मला पाठीवर बांधून हिनं गवत कापलंय. तिला दिली दरीपलीकडे, रानीपानीला. आमच्या सिमलबोटच्या अंगणातून तिचं अंगण दिसतं, चूल पेटली की धूर दिसतो, हाक मारली तर ऐकू जाते, आणि जायचं म्हटलं तर दोन तास उतरण, ओंडक्यावरून नदी, तीन तास चढण! तरी दर भाईटिकाला, म्हणजे भाऊबीजेला, तिच्या हातचा टिळा लावून घ्यायला मी जायचो. मग गुडघे म्हणाले, पुरे. म्हणून अर्ज, म्हणून दोर, म्हणून पूल... आणि पूल झाल्यावर दोन भाईटिका मी कोरड्या कपाळानं काढल्या! पहिल्या वर्षी फोनवर सांगितलं, गुडघा. दुसऱ्या वर्षी, ताप. दिदी म्हणायची, "असू दे रे, मीच आले असते, पण माझीही मान धरलीय." दोन्ही वर्षी मान.

यंदा मात्र फोन आला आणि आवाजच वेगळा. म्हणाली, "गुमाने, डोळ्यांवर पडदा आलाय रे. आधी तुझा धूर दिसायचा, आता तुमचा डोंगरच दिसत नाही. माणसाचं तोंड अगदी जवळ आलं तर दिसतं. ते दिसतंय तोवर येशील का?"

काय सांगणार होतो? गुडघा?

भाईटिकाचा मुहूर्त रेडिओवर सांगितला, अकरा सदतीस. मी नऊलाच टोपी घालून तयार. आमची दिलसरी, म्हणजे बायको, परातीत तांदळाच्या तळलेल्या सेलरोट्या बांधता बांधता म्हणते, "चार मिनिटांच्या पुलाला अडीच तास आधी?" मी म्हटलं, "चार मिनिटं पुलाला, बाकीची धीराला." ती म्हणाली, "मग काल संध्याकाळीच निघायला हवं होतं!"

साडेदहाला पाय ठेवला एकदाचा. दोन्ही हातांनी दोन्ही दोर धरलेले, नजर समोरच्या डोंगरावर, आणि मागून ही... "चला हो सेक्रेटरीसाहेब, लोक बघतायत! कोपर आत घ्या! अहो, पुढे, पुढे! पुढे म्हणजे तिकडे!" पूल डावीकडे जातो, मी उजवीकडे, मी उजवीकडे गेलो की त्याला मधेच वर यायचं असतं. पुलाला मी नावं ठेवत नाही, पण चालणाऱ्या माणसाबरोबर एका चालीनं चालावं की नाही? एका मुलीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, "बा, कसं वाटतंय?" कसं वाटतंय! मी जाळीतून खाली बघितलं. नदी दोऱ्याएवढी. आणि मग... मी बसलो. बसलो म्हणजे काय, पायांनी परस्पर ठराव केला, मला विचारलंच नाही.

"उठा!"
"नाही."
"अहो, आता तर निम्मा आलाय!"
"म्हणूनच नाही."

बसल्या बसल्या दिदीला फोन लावला. म्हटलं माफी मागावी, रडावं, काय ते करावं. रिंग गेली... आणि तुम्हाला सांगतो, ती रिंग मला पुलावरच ऐकू आली! समोर, तीसेक पावलांवर, एक म्हातारी लाल शाल गुंडाळून जाळीवर फतकल मारून बसलेली, मांडीवर पूजेचं ताट. मी इतका वेळ म्हणत होतो, कोण ही बाई, रस्ता अडवून बसलीय!

"दिदी, तू कुठे आहेस?"
"पुलावर. तू?"
"मीपण."
"मला माहीत होतं तू यायचा नाहीस, म्हणून मीच निघाले. पण हे मेलं हलतंय रे!"
"दिदी... ती मान?"
"कसली मान! तुझा तो गुडघा होता ना, तसलीच मान."

दोन वर्षं! दोन वर्षं दोघं दोन टोकांना बसून एकमेकांना थापा मारत होतो, आणि मधे माझ्या हातानं मागितलेला पूल! मी रांगत निघालो, ती बसून सरकत. टोपी पडली. पडली तर पडली. भेटलो तेव्हा घड्याळात अकरा एकतीस, आणि दिदीनं ताट मांडलं. मुहूर्त मुहूर्त असतो.

आता अडचणी ऐका. बहिणीनं भावाभोवती तेलाची धार धरत तीन फेऱ्या घालायच्या, म्हणजे ती धार ओलांडून यम आत येत नाही. पूल जेमतेम दोन हात रुंद! फेऱ्या कुठून घालणार? दिदी म्हणाली, "तू फीर, मी धार धरते." मी बूड टेकून तीन वेळा गरागरा फिरलो, एकशे वीस मीटरवर! आणि धार? गेली जाळीतून खाली, सरळ नदीत. दिदी घाबरली, "अगं बाई, यमाला खालून वाट मोकळी राहिली!" काढली अंगावरची शाल, घातली माझ्याखाली, आणि पुन्हा फीर. मग अक्रोड. उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा, वाईट ते सगळं फुटायचं. इथे उंबरा नाही, दगड नाही, दिदी ताटाच्या कडेनं ठोकतेय, पूल नाचतोय, एवढ्यात मागून घंटा... चौदा खेचरं, सिमेंट लादलेली! खेचरवाला ओरडतो, "ओ बा, उठा की! खेचरं पुलावर मागे सरत नाहीत!" दिदी म्हणाली, "मग उभी राहू देत. टिका झाल्याशिवाय माझा भाऊ धारेबाहेर येणार नाही!" तेवढ्यात अक्रोड निसटून माझ्यामागे घरंगळला, पहिल्या खेचरानं दोन पावलं टाकली, दिलसरी बाजूला झाली, त्यानं खूर ठेवला, आणि टच्च! अक्रोड फुटला.

दिदी थोडा विचार करून म्हणाली, "फुटला ना? कुणी फोडला हे यम विचारत नाही."

अकरा सदतीसला सात रंगांचा टिका लावला हो! मखमली फुलांची माळ घातली. आणि मग तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून नाकाला नाक लागेल इतकं जवळ आणलं, बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. म्हणाली, "किती म्हातारा झालास रे... आणि कानाशी दाढी राहिलीय." मी रडलो. लाज कसली? ती मोबाइलवाली मुलगीपण रडली, खेचरवाला नाक पुसत म्हणाला, "आता तरी सरका!"

खेचरं मागे सरत नाहीत, ती माझ्या गावाकडून आलेली, म्हणजे आम्हाला पुढेच जायचं. चौदा खेचरं मागे लागली की पूल कसा ओलांडला जातो ते मला विचारा! पोचलो. जेवलो. म्हशीसाठी दिलसरी दुसऱ्या दिवशी एकटी टणाटणा परत गेली, आणि मी... अहो, रानीपानीच आहे ही! माझं घर ते तिकडे, निळ्या पत्र्याचं, तुम्ही जिकडून आलात तिकडे. आज अकरावा दिवस. रोज फोन येतो, "सेक्रेटरीसाहेब, म्हैस विचारतेय." पुलाला मी नावं ठेवत नाही... आज तर सकाळी काठी घेऊन अंगणात उभा राहिलोही होतो, देवाशप्पथ निघणारच होतो. तर दिदी दारातून म्हणाली, "आज नको रे गुमाने, वारा फार सुटलाय. उद्या जा."

आता तुम्हीच बघा, झाडाचं पान तरी हलतंय का? काल नव्हतं, परवाही नव्हतं. पण तिला तर दिसत नाही ना... मी काठी ठेवली कोपऱ्यात आणि म्हटलं, "हो दिदी, फारच वारा आहे."