बापाचं रेटिंग, लेकीची हॉकी

...नाही, पण मला एक सांगा, माझं चुकलं कुठे? एवढ्या थंडीत पार्किंग शोधून इथवर आलात, म्हणजे थोडं सोसायची तयारी आहे तुमची, तर तुम्हीच न्याय करा! काल बायको पोळी वाढताना मला म्हणते, "घ्या अजून एक... की आधीची पोळी किती दमदार होती ते बघून ठरवणार?" सांगा आता! आणि हे सगळं कशावरून? हॉकीवरून! आपली मैदानावरची नव्हे, बर्फावरची. बरं, मी हॉकी खेळलो का? अहो, मला स्केट घालून उभंसुद्धा राहता येत नाही, कठडा धरून सरकतो मी! मी फक्त गणित केलं हो, गणित!

तुम्हाला सांगतो, मी पुष्कर, मूळचा नागपूरचा, आता कॅनडात मार्कहॅमला एका इन्शुरन्स कंपनीत आकड्यांत डोकं घालून बसतो. आमची ईशानी कॉलेजच्या टीमची गोली. गोली म्हणजे गोलकीपर, अंगावर गादी बांधून, पक म्हणजे ती रबरी चकती अडवायला जाळीपुढे उभी राहते ती. लहानपणापासून तेच वेड. पहाटे अंधारात गाडीवरचा बर्फ खरवडायचा, तिची ती भली थोरली बॅग मागे टाकायची... त्या बॅगेचा वास! उणे वीसमध्ये खिडकी उघडून गाडी चालवलीय मी! आणि हे तिचं शेवटचं वर्ष. हे लक्षात ठेवा, शेवटचं. पुढे नोकरी, मग कुठली हॉकी!

तर दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे व्हिन्सेंट आला. व्हिन्सेंट आपला वसईचा, आठ कॉलेजांची ती मुलींची छोटी लीग तोच चालवतो. चकली मोडत म्हणाला, "पुष्कर, माझं डोकं फिरायची वेळ आलीय रे. दर वर्षी स्नोस्टॉर्म येतं, मॅचेस कॅन्सल होतात, कुणी जास्त खेळतं, कुणी कमी. त्यात कुणाच्या वाट्याला सगळ्या लिंबूटिंबू टीम्स! शेवटी प्लेऑफला, बाद फेरीला, चार टीम्स कुठल्या घ्यायच्या? मागच्या वर्षी पोरींच्या आयांनी मला पार्किंगमध्ये घेरलं! तू काहीतरी फॉर्म्युला काढ ना."

आता नाही म्हणावं की नाही माणसानं? पण अहो, पार्टीत माझ्या कामाबद्दल कुणी आपणहून विचारल्याची ती पहिलीच वेळ! मी असा फुललो, असा फुललो, की हातातला लाडू तसाच राहिला. म्हटलं, "व्हिन्सेंट, वासरात लंगडी गाय शहाणी, बरोबर? मग आपण आधी बघायचं, कळपात वासरं किती!" म्हणजे कसं, नुसतं किती जिंकलात ते नाही, कुणाला हरवलंत? आणि ज्यांना हरवलंत त्यांनी कुणाला हरवलं होतं? परक्या रिंकवर, म्हणजे समोरच्यांच्या बर्फाच्या मैदानावर, जाऊन जिंकलात तर जास्त श्रेय, घरच्या रिंकवर कमी. आणि दुबळ्या टीमवर गोलांचा पाऊस पाडलात, तर पाच गोलांच्या फरकापुढे काही मोजायचं नाही. उगाच त्या बिचाऱ्या पोरींना का रडवा? सगळ्या कोचना सीझनआधी नियम पाठवले. ईशानीची कोच शॅरन म्हणाली, "लव्ह इट!" सगळ्यांनी लव्ह इट, लव्ह इट केलं! मी फक्त गणित केलं हो!

मग हिवाळा आला. वादळं आली, बसेस हायवेवर अडकल्या, मॅचेस बुडाल्या. आमची ईशानी मात्र जिंकतेय, जिंकतेय! साध्या पॉइंट्सच्या टेबलात तिची टीम तिसरी. घरात आनंद! स्वप्नाली, म्हणजे आमची ही, तिनं प्लेऑफसाठी ऑफिसात रजासुद्धा टाकली. शेवटची मॅच संपली, मी लॅपटॉप उघडला, निकाल भरले, बटण दाबलं...

पाचवी.

चार घ्यायच्या, आणि पोरगी पाचवी! मी पुन्हा दाबलं. पाचवी. लॅपटॉप बंद करून चालू केला. का केला? काय बदलणार होतं? पाचवी!

स्वप्नाली चहा घेऊन मागे उभी. "म्हणजे काय?" म्हटलं, "म्हणजे त्यांनी बहुतेक वासरांनाच हरवलंय." कप असा आपटला! "स्वतःच्या मुलीला वासरं..." "अगं, तिला नाही, समोरच्यांना!" "ते पाचाचं काहीतरी लावलंयत ना, ते काढा. बघा काय होतं."

मी काढून बघितलं हो. खोटं का बोलू! एक आकडा बदलला, लिंबूटिंबूंवरचे सगळे गोल मोजले, आणि ईशानी चौथी! आत! एक आकडा! कुणाला कळणार होतं? "ठेवा तसंच," स्वप्नाली हळूच म्हणाली. आणि तिच्या डोळ्यात पाणी. आता सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? नियम सगळ्यांना पाठवलेत. पाच म्हणजे पाच. ज्या टीमला मी बाहेर ढकलणार, त्यांच्याही गाडीत तसलीच वासाची बॅग असेल की नाही? मी पुन्हा पाच केला. स्वप्नाली आपटलेला कप उचलून आत निघून गेली. ती अशी निघून गेली की मला जास्त भीती वाटते.

मग म्हटलं, चूक शोधू! प्रामाणिकपणे शोधू, कुठेतरी चूक असेलच! एकेक मॅच तपासली. आणि सापडली! ओरडलोच मी, "सापडली!" स्वप्नाली धावत आली. ईशानीची एक मॅच मी परक्या रिंकवरची म्हणून भरली होती, पण समोरच्यांच्या रिंकचं बर्फाचं मशीन बिघडलं म्हणून ती आपल्याच रिंकवर झाली होती. दुरुस्त केलं, बटण दाबलं...

सहावी.

परक्या रिंकवर जिंकल्याचं श्रेय गेलं ना! होतं ते पण गेलं!

व्हिन्सेंटला कळवलं, तर म्हणतो, "अरे देवा! पाचवी काय, सहावी काय, बाहेर ती बाहेरच. सांगतोस कशाला?" म्हटलं, "चुकीचं होतं रे." मग म्हणाला, "तू ठीक आहेस ना, पुष्कर?" मग शॅरनचा फोन. "पुष्कर, हनी, आय ॲम नॉट मॅड." इथलं माणूस नॉट मॅड म्हणालं, की खुर्ची बघून बसून घ्यावं. पण मी फक्त गणित केलं हो!

आणि ईशानी? तिला सांगायला माझी जीभ रेटेना. ती गॅरेजमध्ये बॅगेवर बसली होती, पॅड्स सुकत घातलेले. मी सगळं सांगितलं. तो एक आकडा बदलला तर काय होतं तेही सांगितलं. ती उठलीच, "डॅड! डोंट यू डेअर!" म्हटलं, "नाही गं बदलला." मग खाली बसली. मी वाट बघतोय, आता रडेल, आता रडेल. तर म्हणते, "डॅड, आय न्यू. अर्ध्या मॅचेसमध्ये माझ्याकडे पकच येत नव्हता. आय वॉज बोर्ड. स्ट्राँग टीम्स आल्या तेव्हा वुई गॉट क्रश्ड." आणि मग, अगदी हळू, "आय जस्ट वाँटेड वन मोअर गेम." मी शेजारी त्या बॅगेवर बसलो. वास येत होता. पहिल्यांदाच तो नकोसा नाही वाटला.

प्लेऑफ बघायला आम्ही गेलो. तिनंच नेलं. चौथ्या टीमच्या गोलीसाठी घसा बसेपर्यंत ओरडली. स्वप्नाली माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली.

आणि परवा, सगळं जरा निवतंय, पोळीवरचे टोमणे सोडले तर, तोच व्हिन्सेंटचा फोन. मी मूर्ख, स्पीकरवर घेतला. "पुष्कर, काँग्रॅच्युलेशन्स! सगळ्या कोचनी एकमतानं ठरवलंय, जो बाप स्वतःच्या पोरीला घरी बसवतो, त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. पुढच्या वर्षी मुलांची लीगसुद्धा तूच करायचीस, मी हो सांगून टाकलंय!"

स्वप्नालीचे हात कणकेतच थांबले. "मुलांची? म्हणजे ब्रॅम्पटनच्या आमच्या दादाचा निहार खेळतो, ती?"

पोरीचं झालं, बायकोचं झालं... माझ्याशी नीट बोलणारं म्हणून बायकोचं माहेर तेवढं उरलं होतं हो! आता पुढचा हिवाळा लागेपर्यंत त्यांच्याशी काय ते बोलून घेतो.