उतरत्या डब्यांवर पडलेली धार

सन्माननीय अध्यक्ष यशराजराव, मंचावरची पाहुणे मंडळी, ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरलाय ते आपले दीपक गुरुजी, शाळेचा समदा शिक्षकवर्ग, लासुर्ण्याहून ट्रॅक्टर भरून आलेले पालक आणि माझ्या लेकीसुना, तुमा सगळ्यांला या प्रयागबाईचा नमस्कार. मागं ऐकू येतंय न्हवं? मी दुसरी शिकलेली बाई, माईक कसा धरतात ठावं न्हाय.

गुरुजींनी बावीस वर्षं हितं विज्ञान शिकवलं. उद्या ते नरसिंहपूरला, आपल्या घरी जातील. त्यांचे गुण सगळ्यांनी सांगितले, मला काय उरलंय? मी माझ्या नातीचं सांगते, म्हणजे ओघानं गुरुजी येतील. छकुली ती, खिडकीपाशी बसलेली. अशी पोर सात गावांत न्हाय! आजी म्हणून सांगत न्हाय... आता आजी म्हणूनच सांगते, त्यात लाज कसली?

आठवीत असताना तिनं आमच्या विहिरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांची माळ सोडली. एक चाक वर, एक तळाला. पंक्चरवाल्या शिवमचा कॉम्प्रेसर आणला आणि नळीनं खाली हवा सोडली. पालथ्या डब्यात हवा शिरली का डबा वर उसळतो, माळ फिरती, चाक फिरतं, त्याला जोडलेला डायनामो फिरतो आन् बल्ब लागतो. तो लागला तवा मी गुडघं इसरून विहिरीभोवती नाचले. शेजारची तानूबाई म्हणाली, "आत्याबाई, आत पडाल, मग तुमीबी डब्यागत वर याल!"

छकुलीचं म्हणणं, कॉम्प्रेसर खातो त्यापरीस जास्त वीज निघंल. गुरुजी म्हणाले, "नाही निघणार, बाळ. हवा पाण्याखाली दाबून न्यायला जेवढी ताकद लागते, तेवढी ती वर येताना परत देत नाही. आजी, भाकरी थापताना हाताला पीठ चिकटतंच ना? तेवढं उणंच पडायचं. छकुली, तू मोज, आणि जेवढी निघेल तेवढीच लिही. तेच तुझं काम."

मला पटलं वो. पण पोरीचं तोंड एवढंसं झालं, ते बघवंना.

मग तालुक्याच्या प्रदर्शनाचे परीक्षक घरी आले. विहीर काय इंदापूरला उचलून न्यायची? त्या दिवशी पाटाच्या पाण्याची आमची पाळी होती. पाळीला समदेच विहिरीत पाणी सोडून साठवतात, त्यात कुणाला नवल? आदल्या सांजंला पाळी सुरू झाली तवाच मी बघितलं होतं, वरनं पडणारी धार उतरत्या डब्यांवर आली का माळ दुप्पट पळती. मी गपचूप उसाच्या बाजूनं गेले, खोऱ्यानं दारं मोडलं, म्हंजे पाटाचा बांध फोडून पाणी वळवलं, आन् धार बरूबर तिथंच पाडली.

बल्ब असा पेटला! मीटरवर कॉम्प्रेसरपरीस जास्त आकडा आला. पोरीनं जो दिसला तोच लिहिला, तिची काय चूक? पहिला नंबर, ढाल, पेपरात फोटू.

एकटे गुरुजी म्हणाले, "दुसरी कुठली तरी ताकद येते आहे. पुन्हा मोजू." तर कॉम्प्रेसर परत गेलेला. अन् तुमी लोक, मीबी त्यात, काय बोललो? "गुरुजींना पोरीचं कौतुक बघवंना." छकुलीच्या कानावर गेलं. ती त्या दिवसापास्नं त्यांच्याशी एक शब्द बोलली न्हाय. वर्गात त्यांनी हाक मारली तर खाली मान घालून बसायची. दोन वर्षं! गुरुजींनी कुणाला दोष दिला न्हाय. रस्त्यात भेटले का मलाच इचारायचे, "छकुली काय वाचतीय सध्या?" मी म्हणायची, "वाचतीय की." आन् घरी येऊन मी ती ढाल रोज पदरानं पुसायची. कशी बाई मी!

गुरुजी, तुमचं बरूबर हुतं. लबाडी माझी.

ढाल परत द्यायची का, ते मंडळींनी ठरवावं. छकुले, लोकांत मी तुला मान खाली घालाय लावली, ठावं हाय मला. गुरुजींवर धरलेला अबोला आजपास्नं माझ्यावर धर. मी सोसंन. पण ते उद्या सकाळच्या गाडीनं जाणार हायत.

शाळेनं मला अडाणी बाईला बोलायला उभं केलं, तुमी मुकाट ऐकलं, तुमचे उपकार. बोलण्यात काय उणंदुरं आलं असंल तर पोटात घाला, असं समदे म्हणतात. मी दोन वर्षं बोलले न्हाय, त्याची माफी मागते.

अगं बाई, पोर उठली. दाराकडं... न्हाय, हिकडं येतीया. यशराजराव, गुरुजींच्या शेजारी जरा जागा करा. मी बसते खाली.